जिममध्ये पकड सुटते, तळहात फाटतात? मालवणची रापण ओढणाऱ्यांकडे यातल्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं आहेत

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर किंवा तारकर्ली-देवबागच्या वाळूत रापण ओढताना कधी पाहिलीय? होडीतून समुद्रात अर्धगोल जाळं टाकलं जातं. त्याच्या दोन्ही टोकांचे लांबलचक दोर किनाऱ्यावर आणले जातात. मग माणसांच्या दोन रांगा ते दोर ओढत मागे मागे सरकतात. रांगेच्या शेवटी पोचलेला माणूस दोर सोडतो, चालत पाण्याच्या कडेला येतो आणि पुन्हा पुढून दोर धरतो. जाळं वाळूवर येईपर्यंत हे चालूच राहतं. पारंपरिक मासेमारीच्या या पद्धतीला ना इंजिन लागतं, ना यंत्र. लागतात ती माणसं, आणि ओला, खारट, वाळूने माखलेला दोर तासन् तास धरून ठेवणारे हात.

आता याच किनारपट्टीवरच्या एखाद्या जिममध्ये डोकवा. डेडलिफ्ट करणारा मुलगा बार जमिनीवर आपटतो आणि म्हणतो, ‘पायात ताकद होती, हातातून निसटला.’ शेजारी पुलअप्स मारणारी मुलगी तळहाताकडे बघतेय, बोटांच्या खाली कातडीचा तुकडा लोंबतोय. दोघांनाही सल्ला एकच मिळतो: ग्लोव्हज घे.

हा सल्ला बहुतेक वेळा अपुरा असतो, कधी कधी चुकीचाही. तळहात फाटणं आणि पकड सुटणं या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात, पण दोन्हींचं मूळ बरेचदा एकच असतं. आणि ज्यांचं पोट हातावर आहे, म्हणजे सकाळी जाळं ओढायचं किंवा शिवायचं, मासे साफ करायचे, होडी ढकलायची आणि संध्याकाळी जिमला जायचं, त्यांच्यासाठी फाटलेला तळहात म्हणजे बुडालेली रोजंदारी.

हात ओढत नाही, धरून ठेवतो

रापण ओढणाऱ्यांकडे नीट बघितलं तर एक गोष्ट लक्षात येते. त्यांचे हात जवळपास सरळ असतात. अंग मागे झुकलेलं, टाचा वाळूत रुतलेल्या. दोर ओढतात ते पाय, कंबर आणि शरीराचं वजन. हाताचं काम आकड्याचं. दोर सुटू द्यायचा नाही, बस्स.

डेडलिफ्टचं गणित अगदी हेच आहे. नवशिका माणूस कोपर वाकवून बार हाताने उचलू पाहतो, मनगट आत वळवतो, मूठ आवळून आवळून दमतो. बोटं मिटवणारे मुख्य स्नायू तळहातात नसून कोपर ते मनगट या भागात असतात आणि लांब दोऱ्यांसारख्या स्नायुबंधांनी बोटांना जोडलेले असतात. पाठ आणि मांड्यांच्या मानाने हे स्नायू लहान, म्हणून आधी तेच थकतात. कोपर सरळ ठेवून हात नुसते लोंबते ठेवले, तर त्यांच्यावरचा फुकटचा भार कमी होतो.

रापणीतली आणखी एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. शेवटी पोचलेला माणूस चालत पुढे येतो, तेवढा वेळ त्याची मूठ उघडी असते. मुठीला सक्तीची विश्रांती मिळते. जिममध्ये दोन सेटच्या मध्ये लोक बार सोडतात आणि मोबाईल आवळून धरतात. हात मोकळे सोडा, बोटं पसरा, झटका.

बार नेमका कुठे धरायचा?

तळहात फाटण्याचं सगळ्यात सामान्य कारण हे आहे आणि ते दुरुस्त करायला एक रुपयाही लागत नाही.

बहुतेक जण बार तळहाताच्या मधोमध ठेवून मूठ मिटतात. वजन उचललं की गुरुत्वाकर्षण बारला खाली, बोटांकडे खेचतं. खाली सरकताना बार तळव्यावरची कातडी ढकलत नेतो आणि बोटांच्या मुळाशी तिची वळी पडते. ही वळी बार आणि हाड यांच्यामध्ये चिमटली जाते. सेटमागून सेट हेच झालं की तिथे घट्टा पडतो, आणि घट्टा उंच वाढला की एक दिवस मुळासकट उपटला जातो.

म्हणून ओढायच्या व्यायामांत, म्हणजे डेडलिफ्ट, रोइंग, पुलअप्समध्ये, बार सुरुवातीलाच बोटांच्या मुळाशी, जिथे तो शेवटी सरकणारच आहे तिथे ठेवा. आधी बोटं अडकवा, मग अंगठा बाहेरून आणून बोटांवर दाबा. पहिले काही दिवस पकड कमकुवत झाल्यासारखी वाटते. ती सवय नसल्यामुळे.

ढकलायच्या व्यायामांत मात्र उलटं. बेंच प्रेस किंवा शोल्डर प्रेस करताना बार तळहाताच्या खालच्या, मनगटाजवळच्या भागावर बसला पाहिजे, नाहीतर मनगट मागे मोडतं. आणि बेंच प्रेसला अंगठा बारच्या त्याच बाजूला ठेवायची जी फॅशन आहे, ती सोडा. बार छातीवर किंवा गळ्यावर निसटला तर अडवायला काहीच उरत नाही.

घट्टे वाईट की चांगले?

घट्टा म्हणजे कातडीने स्वतःसाठी केलेलं चिलखत. सतत दाब आणि घर्षण झालं की वरचा थर जाड होतो, त्यात केरॅटिन हे प्रथिन साठतं. फोड हा वेगळा प्रकार. घर्षण अचानक आणि जास्त झालं, कातडीला जाड व्हायला वेळच मिळाला नाही, तर वरचे थर आतून सुटतात आणि मधल्या पोकळीत पाणी भरतं. थोडक्यात, हळूहळू वाढवलेल्या कामाने घट्टा येतो, एकदम वाढवलेल्या कामाने फोड.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. दोन महिने दोर हातात नसला तर घट्टे पातळ होतात. ऑगस्टमध्ये पहिल्याच दिवशी हात जुन्या जोमाने कामाला लागले की फोड ठरलेले. जिममध्ये परीक्षा, गणपती किंवा आजारपणानंतर परतणाऱ्यांचं हेच होतं. स्नायूंना जुनं वजन आठवतं, कातडीला नाही.

तेव्हा घट्टे असू द्यावेत, पण सपाट. आंघोळीनंतर कातडी मऊ असताना घरात टाचा घासायला असते ती वजरी हलक्या हाताने फिरवा, आठवड्यातून एक-दोनदा. बोट फिरवल्यावर कडा टोचायला नको एवढंच बघायचं. ब्लेडने घट्टे कापायची सवय अनेकांना असते, ती वाईट. एक चुकीचा काप आणि आठवडाभर बार धरता येत नाही. मधुमेह असलेल्यांनी तर ब्लेडला हातच लावू नये, कारण जखम झाल्याचं उशिरा कळतं आणि भरायलाही वेळ लागतो.

मॉइश्चरायझर हवंच असेल तर कोकणात त्यासाठी दुकान शोधायची गरज नाही. कोकमाच्या बियांपासून काढलेलं घट्ट तेल, म्हणजे मुठेल, भेगाळलेल्या टाचांना आणि हातांना लावायची इथली जुनी रीत आहे. मुठीत दाबून त्याचे गोळे वळतात. ते खोलीच्या तापमानाला घट्ट असतं आणि कातडीवर चोळलं की विरघळतं. हात फार कोरडे पडले तर घट्ट्यांना चिरा जातात, त्या रोखायला मुठेल किंवा साधं खोबरेल पुरतं. फक्त वेळ पाळा: रात्री झोपताना. व्यायामाआधी तेलकट हात घेऊन बारजवळ जाणाऱ्याचं काय होईल ते सांगायला नको.

घाम, खारी हवा आणि पांढरी पावडर

पुण्या-नाशिकच्या जिममधला सल्ला मालवणात जसाच्या तसा चालत नाही, कारण इथली हवा. पावसाळ्यात किनाऱ्यावर आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाणं नेहमीचंच. घाम येतो पण वाळत नाही. किंचित ओलसर कातडी उलट चांगली चिकटते, बोटाला थुंकी लावून पान उलटणाऱ्याला हे ठाऊक असतं. पण घामाचा पातळ थर साचला की तोच वंगणासारखा वागतो. शिवाय बराच वेळ ओली राहिलेली कातडी मऊ पडते आणि पटकन फाटते.

यावर जगभर वापरला जाणारा उपाय म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट. जिममध्ये आणि जिम्नॅस्टिक्समध्ये त्याला चॉक म्हणतात, पण शाळेतल्या फळ्यावरच्या खडूशी त्याचा संबंध नाही. ते ओलावा शोषून घेतं. टाल्कम पावडर हा मात्र सपशेल चुकीचा पर्याय. ती गुळगुळीत असते, घर्षण कमी करते. पॉवरलिफ्टर तीच पावडर मांड्यांना लावतात, कशासाठी? तर बार मांडीवरून विनाअडथळा घसरावा म्हणून. तीच हाताला लावून पकड वाढेल अशी अपेक्षा करणं म्हणजे कठीणच.

चॉक लावण्याआधी हात टॉवेलने पुसा, मग बोटांच्या मुळाशी आणि अंगठ्याला पातळ थर द्या. जाड थराचे कण एकमेकांवरून सरकतात आणि फायदा जातो. जिमवाले पांढऱ्या धुरळ्यावरून कुरकुर करत असतील तर द्रवरूप चॉक मिळतं. त्यातलं अल्कोहोल उडून जातं आणि पावडर हातावर राहते. जखम असेल तर ते झोंबतं. व्यायाम झाला की हात धुवून टाका, नाहीतर चॉक रात्रभर कातडी कोरडी करत राहतं.

घर्षण कधी वाढवायचं आणि कधी कमी करायचं, हा विचार मराठी मातीत जुना आहे. मल्लखांबाचं उत्तम उदाहरण घ्या. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभट दादा देवधरांनी या कलेला नवं रूप दिलं. लाकडी खांबाला एरंडेल लावतात ते अंग सोलू नये, खांबावरून नीट फिरता यावं म्हणून. पकड हवी तिथे राळेची पूड वापरतात. दोन्ही गोष्टी एकाच खांबावर. दोरीच्या मल्लखांबात तर गाठ नसलेल्या दोरीवर हात आणि पायाच्या अंगठ्याच्या पकडीवर अख्खं शरीर तोललं जातं. राळ मात्र जिमच्या बारला लावू नका. ती चिकट असते, नर्लिंगमध्ये म्हणजे बारवरच्या खरखरीत जाळीत जाऊन बसते आणि पुढच्या माणसाचा तळहात सोलते.

याच जाळीवर किनाऱ्यावरची खारी हवा आणखी एक काम करते: गंज. चॉक, घाम आणि मेलेली कातडी खाचांत साठली की ओलावा धरून राहतो आणि बार गंजतो. महिन्यातून एकदा नायलॉनच्या ब्रशने बार घासून कोरड्या फडक्याने पुसणं हे जिमचं काम. होत नसेल तर मागे लागायला हरकत नाही.

ग्लोव्हज, स्ट्रॅप आणि नियम

ग्लोव्हजमुळे घट्टे कमी येतात हे खरं. पण जाड पॅडिंगमुळे बार हाताला जाड लागतो, आणि जाड बार धरायला जास्त ताकद पडते. पुरुषांच्या ऑलिम्पिक बारचा व्यास २८ मिलिमीटर, महिलांच्या बारचा २५ मिलिमीटर असतो. हातांच्या आकाराचा विचार करूनच हा फरक ठेवलाय. त्यावर पॅड चढवलं की तो फायदा गेला. शिवाय आतला कपडा घामाने भिजून सरकला तर फोड ग्लोव्हजच्या आतच येतात. हलक्या व्यायामाला, किंवा हात जपणं कामासाठी आवश्यक असलेल्यांना, पातळ ग्लोव्हज वापरायला काहीच हरकत नाही. जड डेडलिफ्टला ते अडचणच.

स्ट्रॅप म्हणजे मनगटाला बांधून बारभोवती गुंडाळायची पट्टी. पाठीचा व्यायाम सुरू आहे आणि पाठ थकण्याआधी मूठ थकते, अशा वेळी शेवटच्या जड सेटला स्ट्रॅप वापरणं योग्यच. पहिल्या वॉर्मअपपासून वापरणाऱ्याची पकड मात्र आहे तिथेच राहते.

स्पर्धेत तर ही सोय नाही. वेटलिफ्टिंग आणि पॉवरलिफ्टिंग दोन्हींत स्ट्रॅपला बंदी आहे, चॉक चालतं. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५, असं एकूण २४८ किलो उचलून रौप्य मिळवलं. एका किलोने सुवर्ण हुकलं. हे सगळं स्ट्रॅपशिवाय. वेटलिफ्टर यासाठी हुक ग्रिप वापरतात: अंगठा बारला लावायचा आणि पहिली दोन बोटं अंगठ्यावरून घेऊन तो आत दाबून ठेवायचा. दुखतं, सुरुवातीचे दोन-तीन आठवडे चांगलंच. अंगठ्याला पातळ टेप गुंडाळली की सुसह्य होतं.

पॉवरलिफ्टर एक हात पालथा, एक उताणा धरतात. त्यामुळे बार बोटांतून फिरून निसटत नाही. यात धोका उताण्या हाताला असतो. कोपर वाकवून ओढायचा मोह झाला तर दंडाच्या पुढच्या स्नायूचा बंध तुटू शकतो. हलक्या सेटला दोन्ही हात पालथे आणि फक्त जड सेटला ही पकड, हे जास्त शहाणपणाचं.

पकड वाढवायची कशी?

महागडं काही लागत नाही. पुलअप बारला नुसतं लोंबकळा, २० ते ३० सेकंद, तीन वेळा. हे सोपं वाटायला लागलं की बारवर टॉवेल टाकून टॉवेलला लोंबकळा. मऊ, दबणारी, जाड वस्तू धरणं बारपेक्षा कितीतरी कठीण असतं, आणि रापणीच्या दोराच्या सगळ्यात जवळ जाणारा जिममधला व्यायाम हाच.

दुसरा व्यायाम घरी होतो. २० लिटरचे पाण्याने भरलेले दोन कॅन उचला, म्हणजे प्रत्येक हातात साधारण २० किलो, आणि अंगणात चाला. पाठ ताठ, खांदे खाली. कॅनची कडी बारीक असेल तर फडकं गुंडाळा, नाहीतर बोटं कापतात. तिसरा, बोटांच्या चिमटीत प्लेट धरणं. अंगठ्याची ताकद इथूनच येते.

हे सगळं आठवड्यातून दोन-तीनदा, व्यायामाच्या शेवटी. सुरुवातीलाच मूठ दमवली तर पुढचा डेडलिफ्ट धोक्याचा. आणि घाई नको. स्नायूंच्या मानाने त्यांचे बंध सावकाश मजबूत होतात. रोज स्प्रिंगचा ग्रिपर दाबत बसणाऱ्यांना कोपराच्या आतल्या बाजूला जे दुखणं सुरू होतं, ते या घाईचंच फळ.

पकडीचा संबंध फक्त दंडबैठकांशी नाही. ‘द लॅन्सेट’मध्ये २०१५ साली १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार प्रौढांचा अभ्यास आला होता, भारतही त्यात होता. मुठीची ताकद दर ५ किलोंनी कमी, तर कोणत्याही कारणाने मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त, असं त्यात आढळलं. याचा अर्थ ग्रिपर दाबल्याने आयुष्य वाढतं असा काढू नये. मूठ हा एकूण शरीराच्या ताकदीचा स्वस्त आणि सोपा मापक आहे, एवढाच.

तळहात फाटलाच तर, आणि समोर समुद्र असेल तर

आधी साबण आणि स्वच्छ वाहतं पाणी. झोंबेल, पण हे टाळू नका. लोंबणारी सुटी कातडी निर्जंतुक केलेल्या छोट्या कात्रीने कापा, ओढून तोडू नका. न फुटलेला फोड फोडू नका, वरची कातडी हीच त्याची सर्वात चांगली पट्टी. जखमेत हळद, चुना, तंबाखू भरायची जुनी सवय घाण आत कोंडते. साधं पेट्रोलियम जेली आणि वर स्वच्छ पट्टी पुरे.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी पुढचा मुद्दा जास्त महत्त्वाचा. ‘खाऱ्या पाण्यात हात बुडव, जखम सुकते’ असं इथे सर्रास सांगितलं जातं. उघड्या जखमेसाठी समुद्राचं पाणी हे औषध नाही. उबदार समुद्रात व्हिब्रिओ गटातले जिवाणू असतात. त्यांचा संसर्ग विरळ असला तरी काही तासांत हातभर पसरू शकतो, आणि यकृताचा आजार किंवा मधुमेह असलेल्यांच्या जिवावर बेतू शकतो. मासे आणि खेकडे साफ करताना जखमेतून शिरणारा आणखी एक जिवाणू बोटांवर जांभळट-लाल, ठणकणारी सूज आणतो. डॉक्टर त्याला मासे हाताळणाऱ्यांचा आजार म्हणूनच ओळखतात, आणि तो प्रतिजैविकांनी बरा होतो. म्हणजे संध्याकाळी जिममध्ये तळहात फाटला असेल, तर दुसऱ्या दिवशी सुरमई साफ करणं, रापणीला हात लावणं किंवा तारकर्लीला पाण्यात उतरणं पुढे ढकला. कामाला जाणं भागच असेल तर पट्टीवर पाणी न शिरणारा रबरी हातमोजा घाला आणि घरी आल्यावर जखम पुन्हा धुवा.

धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा. जखम मळकी असेल आणि पाच वर्षं उलटली असतील, तर डॉक्टर सहसा पुन्हा देतात. स्वच्छ जखमेसाठी ही मुदत दहा वर्षांची धरतात.

लाली पसरत चालली, हात गरम लागला, पू आला, ताप भरला किंवा मनगटाकडे लाल रेघ चढताना दिसली, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा, आणि मासे किंवा समुद्राशी संबंध आला होता हे डॉक्टरांना आपणहून सांगा. औषध निवडताना त्याचा उपयोग होतो. जखम नसतानाही अंगठा आणि पहिल्या बोटांत रात्री मुंग्या येत असतील, वस्तू हातातून पडत असतील, तर तो कातडीचा नसून मनगटात दबणाऱ्या शिरेचा प्रश्न असू शकतो. त्यावर चॉक किंवा टेप चालत नाही.

जखम भरेपर्यंत पायांचे व्यायाम, प्लँक, मशीनवरचे प्रकार करता येतात. नवी गुलाबी कातडी दाबल्यावर दुखेनाशी झाली की बार धरा, पहिल्या दिवशी नेहमीच्या निम्म्या सेटपुरताच.